बुरशी लागलेलं सॅडल: आधी शिवण बघा, तेलाचं नंतर

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची १३ वर्षांची मुलगी दोन वर्षं घोडेस्वारी शिकतेय. मे महिन्यात त्यांनी ओळखीच्या एका स्वाराकडून चामड्याचं जुनं सॅडल (खोगीर), लगाम आणि तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून सॅडल आवळणारा पट्टा, असा संच विकत घेतला. पावसाळ्यात क्लास बंद, म्हणून सगळं पुसलं, भरपूर खोबरेल तेल चोळलं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं. गणपतीनंतर खाली काढलं तर सगळ्यावर पांढरट-हिरवी बुरशी आणि कुबट वास. त्या विचारतात, हे फेकायचं का? आणि पुढच्या वर्षी असं होऊ नये म्हणून कुठलं तेल चांगलं?

ताई, फेकू नका. नुसती बुरशी असेल तर सॅडल बहुतेक वेळा वाचतं. मी २६ वर्षं पुण्याच्या आसपासच्या पागांमध्ये काम करतोय आणि त्यातली बरीच वर्षं साजाची खोली माझ्याच ताब्यात होती. दर श्रावणात कुणी ना कुणी असं सॅडल घेऊन येतं, आणि जवळपास प्रत्येकाची हकीकत तुमच्यासारखीच असते: तेल भरपूर, हवा शून्य. आपल्याकडच्या हवेत चामडं कोरडं पडून मरतं त्यापेक्षा घामाने, ओलीने आणि जास्तीच्या तेलाने जास्त मरतं. चामड्याच्या तेला-मलमांच्या डब्यांवरच्या सूचना बऱ्याचदा थंड, कोरड्या देशांचा विचार करून लिहिलेल्या असतात. कोकणपट्टीतल्या जुलैला त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

आधी खात्री करा की ती बुरशीच आहे. चामड्यात घातलेली चरबी कधी कधी आपोआप वर येते आणि पांढरी पूड सांडल्यासारखी दिसते. हेअर ड्रायर हातभर लांब धरून मिनिटभर कोमट वारा द्या. पांढरं विरघळून नाहीसं झालं तर ती चरबी आहे, मऊ कापडाने पुसली की संपलं. तसंच राहिलं, केसाळ दिसलं आणि कुबट वास आला, तर बुरशी. तुमच्या वर्णनावरून तरी बुरशीच वाटते.

आता कामाला लागा, पण घरात नको. सगळं गच्चीवर किंवा गॅलरीत न्या. तोंडाला मास्क लावा, कारण हे कण छातीत गेलेले चांगले नाहीत. मऊ ब्रशने कोरडीच झटका, वाऱ्याच्या दिशेला. मग मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. आधी झडपेच्या, म्हणजे सॅडलच्या बाजूला स्वाराच्या पायाखाली लोंबणाऱ्या चामड्याच्या, आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा. कापडाला रंग लागला तर स्पिरिट सोडून द्या आणि पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं वापरा. कापड नुसतं दमट हवं, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. एक जागा पुसली की कापडाची घडी बदला. नाहीतर इथली बुरशी तुम्ही तिथे नेऊन पेरता. लगामाचं प्रत्येक बक्कल सोडा, पट्टा जिथे दुमडतो तिथे बघा. बुरशी लपते ती तिथेच. ती कापडं नंतर धुऊ नका, टाकून द्या. ब्लीच कधीच लावू नका.

मग सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस वाळू द्या. पंखा चालेल, ऊन नको. लोकांना वाटतं बुरशी म्हणजे ऊन द्यायचं, जसं आपण गाद्यांना देतो. गादीचं ठीक आहे. ओलं चामडं तापलं की त्याचे तंतू आखडतात आणि मग कितीही तेल घाला, तो पट्टा पूर्वीसारखा होत नाही. दुचाकीच्या सायलेन्सरजवळ वाळवलेला तंग मी पाहिलाय. हातात घेतला तर पापडासारखा कडकडला.

सॅडलची खालची गादी, म्हणजे घोड्याच्या पाठीवर टेकतो तो भाग, वेगळा दाबून बघा. बऱ्याच सॅडलमध्ये तिथे लोकर भरलेली असते. 'खोगीरभरती' हा शब्द आपण सरसकट वाईट अर्थाने वापरतो, पण घोड्याच्या दृष्टीने ती भरतीच सगळ्यात महत्त्वाची. तिथे ओल गेली असेल तर वाळायला आठवडाही लागतो, आणि ओली लोकर गोळे धरते. हाताचा तळवा हळूहळू फिरवा, जणू घोड्याची पाठ तुम्हीच आहात. खडा लागल्यासारखा गोळा जाणवला तर सॅडल तसंच वापरू नका. घोड्याच्या पाठीवर जखम व्हायला तासाभराची रपेट पुरते.

हे झालं बुरशीचं. आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं तिकडे येतो. तुम्ही जुनं सॅडल घेतलंय आणि त्यावर तुमची मुलगी बसणार आहे. तुमच्या प्रश्नात तेलाचा उल्लेख तीनदा आहे, शिवणीचा एकदाही नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शाळेत माझ्याकडे २० सॅडल होती. मी रोज सगळी पुसायचो, आरशासारखी चमकायची, पाहुणे आले की कौतुक करायचे. एके सकाळी कॅंटरमध्ये, म्हणजे घोडा मध्यम वेगाने दौडत असताना, एका बारा वर्षांच्या मुलीचा डावा रिकिबीचा पट्टा (पाय ठेवायची कडी ज्याला टांगतात तो) तुटला आणि ती खाली आली. मनगटाला फ्रॅक्चर झालं. तुटलेला पट्टा मी हातात घेतला. चामडं उत्तम होतं, तुटला होता दोरा. बक्कलजवळच्या शिवणीतले टाके आतून कुजून गेले होते आणि वर साबणाचा आणि तेलाचा इतका छान थर बसला होता की दिसतच नव्हतं. तो पट्टा मी आदल्याच संध्याकाळी पुसला होता. त्या दिवसापासून मी साफसफाई डोळ्यांनी करत नाही, बोटांनी करतो.

तर आज सगळं स्वच्छ झालं की उजेडात बसा आणि हे करा. रिकिबीच्या पट्ट्यांची, तंगाच्या बक्कलांची आणि लगामाची प्रत्येक शिवण नखाने हलकेच खरवडा. टाका हलला किंवा दोऱ्याचा भुगा निघाला तर ती जागा खडूने खूण करून ठेवा. मग पट्टा, चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर येईल असा, बोटावर दुमडा. बारीक रेषा उमटल्या आणि सोडल्यावर मिटल्या तर पोषण हवंय एवढंच. भेगा उघड्या राहिल्या, आतला तंतू दिसला, तर तो पट्टा निवृत्त. भोकं बघा. गोल भोक लांबट झालं असेल, दोन भोकांच्या मधे चीर पडली असेल, तर तोही गेला. भेगांवर तेल चोळून पट्टा वाचत नाही. तुटलेला तंतू तेलाने परत जुळत नाही.

आता झडप वर करा. साधारण उपयोगाच्या किंवा जंपिंगच्या सॅडलला प्रत्येक बाजूला तंगाचे तीन पट्टे दिसतील. यातला पहिला, म्हणजे घोड्याच्या डोक्याकडचा, पट्टा एका स्वतंत्र नवारीवर शिवलेला असतो, दुसरा आणि तिसरा मिळून दुसऱ्या नवारीवर. म्हणून तंगाचं एक बक्कल कायम पहिल्या पट्ट्यात आणि दुसरं उरलेल्या दोघांपैकी एकात घालायचं. एक नवार तुटली तरी दुसरी सॅडल धरून ठेवते. दुसऱ्या-तिसऱ्यात बांधलं आणि ती नवार गेली, तर सगळंच गेलं. कितीतरी वर्षं स्वारी करणाऱ्यांनाही हे माहीत नसतं. जोर लावून एकेक पट्टा खाली ओढा आणि वर, मुळाशी शिवण उघडते का ते बघा.

शेवटी सांगाडा, ज्याला आम्ही ट्री म्हणतो. सॅडलचा पुढचा भाग पोटाशी टेकवून मागची कड स्वतःकडे ओढा. बेताची लवचीक हालचाल ठीक, कारण आत बहुधा स्प्रिंगची पोलादी पट्टी असते. पण बैठक मधोमध चुरगळली, करकर किंवा टक्क असा आवाज आला, तर सांगाडा मोडलेला असू शकतो. मग जाणकार कारागिराने बघेपर्यंत घोड्यावर घालू नका.

हे सगळं ठीक निघालं तर साबणाकडे वळू. घोड्याचा घाम साधा नसतो. त्यात माणसाच्या घामापेक्षा मीठ जास्त असतं आणि लॅथरिन नावाचं एक प्रथिनही असतं. मानेवर लगाम घासतो तिथे पांढरा फेस येतो तो त्यामुळेच. हा घाम चामड्यावर वाळला की मीठ आत राहतं, पावसाळी हवेतली ओल ओढून घेतं, दोरे कुजवतं. म्हणून घोड्यावरून उतरवल्यानंतर पहिल्या दहा मिनिटांतलं पुसणं हे महिन्यातून एकदाच्या थाटामाटाच्या साफसफाईपेक्षा मोलाचं. जुन्या बनियनचा तुकडा साध्या पाण्यात बुडवा, घट्ट पिळा, तंग, पट्टे आणि सॅडलची खालची बाजू पुसून घ्या. झालं.

आठवड्यातून एकदा साबण. ग्लिसरीनचा सॅडल सोप घ्या, नसेल तर पारदर्शक ग्लिसरीनची साधी वडी तात्पुरती चालेल. भांडी घासायचा साबण, कपड्यांची पावडर, खाण्याचा सोडा यातलं काही नको. कमावलेलं चामडं स्वभावाने आंबट, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतं आणि तीव्र अल्कलीने त्याची वीण ढिली पडते. दोन स्पंज ठेवा, एक मळ काढायला, एक साबणाला. मळाच्या स्पंजाने आधी घामाच्या त्या काळ्या, चिकट गुठळ्या काढा. झडपेच्या आत, स्वाराची पोटरी घासते तिथे त्या हमखास असतात. नखाने किंवा चाकूने खरवडू नका. ओला स्पंज दाबून मिनिटभर धरला की सुटतात. मग साबणाच्या वडीला पाणी लावायचं, स्पंजाला नाही. फेस आला म्हणजे पाणी जास्त झालं. भोकांत अडकलेला साबण काडेपेटीतल्या काडीने काढून टाका. हे काम मुलांना फार आवडतं, तुमच्या मुलीकडेच द्या.

गुडघ्याखाली किंवा बैठकीवर सुएड असेल, म्हणजे मखमलीसारखं खरखरीत चामडं, तर त्याला साबण-तेल काहीच नको. कोरडा ब्रश बस.

आता तेल. खोबरेल तेल विष नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चपला-वहाणांना लोक घरात असेल ते तेल लावत आलेत. कोल्हापुरी वहाणेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. त्याला थोडं तेल मानवतं. पण वहाण सैल पडली तर चालते, रिकिबीचा पट्टा सैल पडून चालत नाही. जास्त तेलाने तंतू एकमेकांवरून घसरायला लागतात, पट्टा ताणतो, रंग काळवंडतो, शिवणीतला दोरा तेलकट होऊन धूळ धरतो. आणि ते तेल बुरशीचं खाद्य असतं. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत चामड्यावर मेणचट थर. जवसाचं तेल तर अजिबात नको, ते वाळून कडक होतं.

स्वारीच्या जगात जुनं, नावाजलेलं तेल म्हणजे नीट्सफूट. ते गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. हे मुद्दाम सांगतो, कारण अनेक घरांत ते चालणार नाही आणि बाटलीवर वाचून कळतंच असं नाही. न चालणाऱ्यांनी मधमाश्यांचं मेण आणि लॅनोलिन असलेलं लेदर बाम घ्यावं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरची स्निग्धता, ती लोकर धुताना निघते. आपल्या दमट पट्ट्यात मला तेलापेक्षा बामच बरं वाटतं, कारण ते आत कमी मुरतं आणि वर पातळ आवरण धरतं. बूटपॉलिशचं म्हणाल तर त्याने चमक येते, पोषण नाही, आणि मुलीच्या पांढऱ्या ब्रीचेसला, म्हणजे स्वारीच्या विजारीला, डाग पडतात.

किती आणि कधी? वर्षातून दोनदा. एकदा पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, आणि एकदा मार्चमध्ये. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की तिथे एखादा हात जास्त लागेल. ठाण्यात नको. स्वच्छ, किंचित दमट चामड्यावर, मागच्या खरखरीत बाजूने, इतकं पातळ लावा की दहा मिनिटांत दिसेनासं व्हावं. दिसत राहिलं तर पुसून काढा. तुमच्या सॅडलमध्ये या वर्षीचं तेल आधीच भरपूर आहे. दिवाळीला काही लावू नका, मार्चमध्ये हात लावून ठरवा.

धातूबद्दल थोडक्यात. पितळी बक्कलांभोवती हिरवा, मेणासारखा चिकटा दिसला तर घाबरू नका, ती बुरशी नाही. पितळेतलं तांबं तेलातल्या आम्लांशी मिळून तो होतो. टूथब्रश आणि काडीने काढा. लोखंडी बक्कल ओल्या चामड्यावर राहिलं की काळा डाग पडतो. हिरडा आणि लोहाचं मीठ एकत्र आणून जुने रंगारी कापड काळं रंगवायचे, तीच क्रिया इथे नकळत होते. तो डाग सहसा जात नाही, पण चामडं तिथे कमजोर झालंय का ते दुमडून बघा. घोड्याच्या तोंडातल्या कडीला, म्हणजे बिटला, पितळेचं पॉलिश कधीही लावू नका. प्रत्येक स्वारीनंतर साध्या पाण्यात धुवायचं, वाळलेली लाळ आणि चारा निघाला पाहिजे. बोट फिरवून धार लागतेय का बघायचं.

रिकिबीचे पट्टे दर आठवड्याला डावा उजवीकडे, उजवा डावीकडे करा. आपण सगळे डावीकडून चढतो, त्यामुळे डावा पट्टा ताणून लांब होतो आणि पोर नकळत वाकडी बसायला लागते. महिनाभरात दोन्ही शेजारी टांगून मापून बघा, अर्धा इंच फरक सहज सापडतो.

साठवणीचं आता. प्लास्टिक पूर्ण बंद. बुरशीला हवेत साधारण ७० टक्क्यांच्या वर ओल मिळाली की ती वाढते आणि मुंबई-ठाण्यात पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. पिशवीत तीच हवा कोंडली की काम तमाम. जुनी सुती चादर किंवा धोतराचं कापड टाका. भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच, आडव्या गोल दांडीवर सॅडल ठेवा. माळा नको, तिथे वारा नसतो. ज्या खोलीत रोज पंखा चालतो तीच उत्तम. कपाटात ठेवावंच लागलं तर ओल शोषणारे डबे मिळतात ते ठेवा, पण सॅडलच्या खाली-वर नाही. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, त्याचं पाणी होतं आणि ते सांडलं तर चामडं आखडतं. आणि काहीही केलं तरी जून ते सप्टेंबर दर रविवारी एकदा काढा, कोरड्या कापडाने पुसा, तास-दोन तास पंख्याखाली ठेवा. पुण्याच्या रेसचा मोसम ऐन पावसाळ्यात असतो. तिथेही साज असा रोजच्या रोज हाताळूनच टिकवला जातो. वापरातल्या सॅडलला बुरशी क्वचित लागते.

दुरुस्तीसाठी कुठे जायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण लागेल. देशातला बराचसा स्वारीचा साज कानपूरचा, तिथल्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही आहे. नवा पट्टा तिकडून येतो आणि परवडतो. शिवण मात्र जवळच्या चांगल्या चर्मकाराकडून करून घेता येते, जर तो हाताने, दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवत असेल तर. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात. हाताच्या दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक टाका स्वतःच्या पायावर उभा असतो. पट्टे त्याच्याच समोर ओढून दाखवा आणि कुठे वजन येतं ते सांगा. लगाम, तंग आणि रिकिबीचे पट्टे या तीन गोष्टींत पैसे वाचवू नका, जुने असतील आणि जरा शंका आली तर नवे घ्या. बाकीच्या सॅडलला वेळ देता येतो.

पाऊस संपून क्लास सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी मुलीबरोबर थोडं लवकर जा. चढायच्या आधी तिने स्वतः डावा पट्टा, उजवा पट्टा, तंगाचे पट्टे, लगामाची दोन्ही टोकं ओढून बघायची, आणि घोडा चार पावलं चालवून तंग पुन्हा एकदा तपासायचा. पूर्ण एक मिनिटही लागत नाही. माझ्या पागेत हे केल्याशिवाय कुणाचा पाय रिकिबीत जात नाही, मग तो बारा वर्षांचा असो की पन्नाशीचा.